साडूचं बारावं प्रकरण

"मी पण एक छोटीशी कादंबरी लिहिलीय," असं धाकटा जावई म्हणाला आणि थोरल्या जावयाच्या नाकातून चहा बाहेर आला.

बायकोने पाठीत धपके घातले. जरा जास्तच जोरात घातले, कारण ठसका कशाचा आहे ते तिला बरोबर कळलं होतं.

सासरी थोरल्या जावयाला सगळे लेखकराव म्हणायचे. कपडे धुवायच्या मशीनच्या कंपनीत ते माहितीपुस्तिका लिहायचे, 'सुरू करण्यापूर्वी हे वाचा'पासून 'तक्रार असल्यास'पर्यंत सगळं त्यांचंच. शिवाय गेली कित्येक वर्षं ते जीवनाच्या अर्थावर एक गंभीर कादंबरी लिहीत होते. लिहीत होते म्हणजे तिची पहिली ओळ दुरुस्त करत होते. ओळ काही अजून बसली नव्हती, पण सासरी मान मात्र पक्का बसला होता. सासरे कोणालाही ओळख करून देताना थोरल्याकडे बोट दाखवून "हे आमचे लेखकराव" म्हणायचे, आणि धाकट्याकडे दाखवून "आणि हे चष्म्याचं दुकान." माणूस नाहीच, थेट दुकान. लेखकरावांना ही व्यवस्था फार आवडायची.

"कशावर लिहिलीय?" सासऱ्यांनी विचारलं.

"तशी गंमतच आहे. विज्ञानकथा," चष्मेवाला लाजत म्हणाला. "जीवनाचा अर्थ शोधत फिरतात ना लोक, त्यांची जरा थट्टा."

जीवनाचा अर्थ! लेखकरावांना वाटलं, आपल्या ठरलेल्या बाकावर कोणीतरी येऊन बसलंय आणि वर पाय हलवतंय.

"म्हणजे असं की, पृथ्वी खोक्यात घालून पाठवली तेव्हा तिची माहितीपुस्तिका आत टाकायची राहून गेली. मग ती पुस्तिका पाकिटात घालून एक पोस्टमन अंतराळात निघतो. पण सही करून पाकीट घेणारा कोणी मिळत नाही. एका ग्रहावर म्हणतात, साहेब रजेवर आहेत. दुसऱ्या ग्रहावर जीवनाचा अर्थ केव्हाच सापडलाय, पण तो जपून कुठे ठेवला ते कोणाला आठवत नाही. अख्खा ग्रह कपाटं उपसत बसलाय."

सासरे हसले. हसले म्हणजे असे, की चष्मा काढून डोळे पुसले. आपल्या कुठल्या वाक्यावर सासऱ्यांनी कधी चष्मा काढला होता, ते लेखकरावांना काही आठवेना. आणि तो चष्मासुद्धा धाकट्याच्याच दुकानातला.

"छान छान," लेखकराव म्हणाले. "छापायचं वगैरे बघू सावकाश. घाई नको."

"प्रकाशक मिळालाय दादा."

लेखकरावांनी उरलेला चहा खाली ठेवून दिला.

"पण तुमची मदत लागेल," चष्मेवाला खुर्ची पुढे ओढून म्हणाला. "बाराव्या प्रकरणात ते पाकीट उघडतं. म्हणजे बारावं प्रकरण म्हणजे ती पुस्तिकाच. ते अगदी खऱ्या पुस्तिकेसारखं दिसायला हवं. चौकटी, सूचना, ते धोक्याचं त्रिकोणी चिन्ह, सगळं. तुमच्याइतका जाणकार दुसरा कोण आहे? तुमच्या हाताखालून घालाल का?"

सगळं घर बघायला लागलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

"घालतो की," लेखकराव म्हणाले. दाढ काढायला आलेला माणूस 'आ करतो की' म्हणतो तसं.

परत जाताना बायको म्हणाली, "तोंड का पाडलंय?"

"पाडलेलं नाही. असंच आहे ते."

"सकाळी नव्हतं."

"हल्ली प्रकाशक काय, कोणालाही मिळतो."

"मग तुम्हाला का नाही मिळाला?"

"मी कुणाला विचारलंच नाही!"

"तेच म्हणतेय मी," बायको म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लेखकरावांनी ते प्रकरण उघडलं. लाल पेन हाताशी ठेवलं होतं. चुका काढायच्या, भरपूर काढायच्या, आणि वर "प्रयत्न चांगला आहे" असं लिहायचं, एवढं ठरलेलं होतं.

'अभिनंदन! आपल्याला एक आयुष्य मिळालं आहे. ते सुरू करताना आपल्याला विचारायचं राहून गेलं, क्षमस्व.'

लेखकराव हसले. हसल्यावर दचकले, आणि कोणी पाहिलं नाही ना ते बघून घेतलं.

'हे यंत्र एकदाच चालतं. त्यामुळे सगळी बटणं दाबून बघायला हरकत नाही.'

चूक सापडेना. मग सहाव्या पानावर ते येऊन थांबले. तिथे धोक्याच्या चौकटीत लिहिलं होतं, 'जवळचं माणूस बंद पडलं तर ते दुरुस्त होत नाही. त्याच्या जागेशेजारी थोडा वेळ बसा. मग उठा. उठायला जमलं नाही, तर अजून थोडा वेळ बसा.'

लेखकरावांनी ती चौकट पुन्हा एकदा वाचली. आणि त्याच वेळी पोटात असा काही जाळ उठला की विचारू नका. चष्मे विकणारा माणूस! गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत असताना मागे बसून लिहिलं असेल याने हे. आणि आपण एक ओळ घेऊन बसलोय!

त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. कंपनीच्या नव्या मशीनच्या पुस्तिकेचा तयार साचा होता, त्यातच साडूचा मजकूर ओतला. तीच चौकट, तेच त्रिकोणी चिन्ह, पहिल्या पानावर तेच 'सुरू करण्यापूर्वी हे वाचा'. आता लेखकरावांची फायलींना नावं द्यायची एक पद्धत होती. 'पुस्तिका शेवटची', मग दुरुस्ती झाली की 'पुस्तिका खरीच शेवटची', मग 'पुस्तिका हीच'. त्या दिवशी नव्या मशीनची पुस्तिकाही छपाईला जायची होती. म्हणजे मशीनची एक 'हीच' होती आणि साडूची एक 'हीच' होती.

एरवी लेखकराव पाठवण्याआधी फाईल उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्या दिवशी उघडली असती तर परत ते सहावं पान दिसलं असतं, आणि ते परत बघायची त्यांची छाती होईना. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि एक फाईल छपाईला, एक प्रकाशकाला पाठवून दिली. साहेबांनी छपाईच्या कागदावर न वाचता सही केली. पुस्तिका वाचायची त्या कंपनीत पद्धतच नव्हती.

मग काही आठवडे बरे गेले.

एक दिवस तक्रारींच्या फोनवर बसणारी मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. "सर, तुमच्या पुस्तिकेबद्दल फोन येतायत."

"कोणाचे?"

"वाचणाऱ्यांचे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत हा शब्द लेखकरावांच्या टेबलापर्यंत पहिल्यांदाच आला होता. ते जरा सावरून बसले.

"एक बाई म्हणतायत, तिसऱ्या पानावर लिहिलंय सगळी बटणं दाबून बघायला हरकत नाही. त्यांनी दाबली. आता मशीन चालत चालत बेसिनपाशी गेलंय."

"तिसऱ्या पानावर?" लेखकरावांनी विचारलं.

"एक जण विचारतोय, मला आयुष्य मिळालंय ते कळलं, पण साबण कुठे टाकू? आणि सर, एक काका आहेत, त्यांची काही तक्रारच नाही. त्यांनी फक्त कळवायला सांगितलंय. सहाव्या पानावर लिहिलंय तसे ते बसले होते, आणि आज उठले म्हणे." मुलीने ओढणीने नाक पुसलं. "सर, मी पण वाचलं. तुम्ही एवढं छान लिहिता? मग आधी का नाही लिहिलंत?"

भीतीने थंड पडलेले लेखकराव त्या शेवटच्या वाक्याने परत पेटले. नोकरी जायची वेळ आली होती, आणि माणूस जळत होता कशावर, तर त्या काकांवर. आजवर त्यांचं वाचून कोणी बसलं नव्हतं, उठणं तर लांबच.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पुस्तिका टेबलावर उघडी पडली होती.

"हे काय आहे?"

"साहेब, चूक झाली. मी सांगतो सगळं..."

"चूक? अहो, मालकांच्या आईंचा फोन होता! म्हणतात, इतकी वर्षं मशीन विकताय, आज पहिल्यांदा माणसासारखं बोललात. फ्रिजचीही अशीच हवी आहे."

"पण साहेब, मशीन चालू कसं करायचं, ते यात कुठेच नाहीये."

"ते लोकांना येतं हो! तुम्ही आपलं हे लिहा. ते बसायचं, उठायचं."

खरं सांगायला तोंड उघडलेलं होतंच. पण साहेबांनी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा समोरची खुर्ची दाखवली होती. लेखकराव खुर्चीत बसले आणि तोंडातून "बघतो" एवढंच बाहेर पडलं.

खुर्चीतून उठताना मात्र त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साडूची 'हीच' इकडे आली. मग मशीनची 'हीच' कुठे गेली?

त्यांनी जिन्यात जाऊन प्रकाशकाला फोन लावला. पलीकडून उत्साही आवाज आला, "पुस्तकं बांधून आलीसुद्धा! शनिवारी प्रकाशन. या हं नक्की."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. ती चिरायची थांबली.

"मुद्दाम केलंत?"

"नाही!"

"शपथ घ्या."

लेखकरावांनी हात वर केला. हात हवेतच राहिला. डोक्याने केलं नव्हतं, हे नक्की. पण पोटाने केलं नसेल कशावरून? मान वळवून पाठवायला त्यांना कोणी सांगितलं होतं?

"घेतली का?" बायकोने विचारलं.

"घेतोय."

"माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं पहिलं पुस्तक आहे ते. शेवटाला पाकीट उघडणार, सगळे वाचणार, आणि आत निघणार कपडे कसे धुवायचे. बाबा काय म्हणतील ठाऊक आहे? म्हणतील, लेखकराव जळला आणि पोराच्या पुस्तकाची वाट लावली."

"लेखकराव म्हणणार नाहीत मग."

"नाहीच म्हणणार," बायको म्हणाली. "साधं नावसुद्धा घेणार नाहीत."

शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात लेखकराव अगदी मागच्या रांगेत, दाराशेजारी बसले. पळायला सोपं. स्टेजवर चष्मेवाला नवा शर्ट घालून बसला होता आणि त्याचा चेहरा उतरलेला होता. त्याने पुस्तक पाहिलंय, लेखकरावांच्या लक्षात आलं. आता उठेल आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवेल. पहिल्या रांगेत सासरे मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसले होते.

अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राध्यापक बाई आल्या होत्या. हसणं त्यांना डॉक्टरांनी मना केलं असावं असा चेहरा. त्या उठल्या, पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, "पहिली अकरा प्रकरणं गमतीची आहेत. ठीक आहेत. पण बारावं प्रकरण!"

लेखकरावांनी डोळे मिटले.

"इतका प्रवास करून, इतक्या ग्रहांवर धक्के खाऊन, अखेर तो पोस्टमन पाकीट उघडतो. आपल्याला वाटतं, आता लेखक उपदेश करणार. आता जीवनावर भाषण. आणि काय निघतं आत? ऐका. 'सर्वप्रथम खिशातल्या पिना, नाणी आणि रुमाल काढून घ्या.'"

सभागृहात कोणीतरी फिस्सकन हसलं.

"'यंत्र थरथरत असल्यास चारही पाय जमिनीला टेकले आहेत का, ते पाहा.'"

आता पुढच्या दोन रांगा हसल्या.

"'रंगीत आणि पांढरे एकत्र टाकू नयेत. टाकल्यास कंपनी जबाबदार नाही.' आणि हे शेवटचं, 'एवढं करूनही फरक न पडल्यास बंद करून पुन्हा चालू करा.' अहो, विश्वाचं रहस्य! आणि तो बिचारा पोस्टमन ते पाकीट छातीशी धरून उभा!"

पुढचं काही ऐकू आलं नाही. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. बाईंच्या खांद्यांना हिसके बसत होते. सासऱ्यांनी चष्मा काढला होता, नुसता काढला नव्हता, तर शेजारच्याकडे धरायला दिला होता.

लेखकरावांनी डोळे उघडले. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग गोड वाटलं, कारण ते एकेक वाक्य त्यांचं होतं. पिना आधी का नाणी आधी, यावर त्यांनी एक अख्खी दुपार घालवली होती. आपण विनोदी लिहितो हे त्यांनाच माहीत नव्हतं! आणि मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या टाळ्या हवेतून थेट स्टेजवर, चष्मेवाल्याच्या नव्या शर्टावर जाऊन पडल्या. लेखकरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. तिकडे ऑफिसात साडूचं लेखन त्यांच्या नावावर वाहवा खात होतं म्हणून ते जळत होते, आणि इकडे स्वतःचं लेखन साडूच्या नावावर वाहवा खात होतं म्हणून परत जळत होते. दोन्हीकडून जळायची सोय झाली होती.

कार्यक्रम संपल्यावर चष्मेवाल्याने त्यांना दंडाला धरून मागच्या पॅसेजमध्ये नेलं. तिथे घडीच्या खुर्च्यांची चळत लावलेली होती. तिच्या आडोशाला तो थांबला.

"दादा, खरं सांगा. माझं इतकं वाईट होतं?"

"काय?"

"प्रूफ आलं तेव्हाच बघितलं मी. माझं सगळं काढून तुम्ही तुमचं घातलंत. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग परत वाचलं, आणि कळलं की तुमचंच बरोबर आहे. माझं वाचून कोणी हसलं नसतं." त्याने भिंतीकडे तोंड केलं. "बाकी अकरा प्रकरणं नुसती टवाळी होती हो. ते एकच प्रकरण मी मनापासून लिहिलं होतं. आमचे वडील गेले ना, तेव्हा लिहिलं होतं ते. त्या एका प्रकरणासाठी बाकीचं पुस्तक रचलं. ते कोणाला दिसलंच नाही. आणि आज लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी तुमच्यावर असा जळत होतो ना!"

कोणीतरी आपल्यावर जळतंय! लेखकरावांना क्षणभर फार बरं वाटलं. मोठ्या मनाने नुसती पाठ थोपटली असती तरी भागलं असतं. साडूच्या नजरेत ते जन्मभर उस्ताद राहिले असते. पण चष्मेवाला खिशात रुमाल शोधत होता आणि तो त्याला सापडत नव्हता.

"ते मी लिहिलेलं नाही," लेखकराव पुटपुटले. "म्हणजे मीच लिहिलंय. पण ते आमच्या मशीनचं आहे. फायली उलट्यापालट्या झाल्या. तुमचं वाचून मला एवढं... एवढं लागलं, की परत उघडून बघितलं नाही."

"लागलं?"

"आवडलं," लेखकराव दात ओठ खात म्हणाले. हा शब्द बाहेर काढायला दाढेपेक्षा जास्त जोर लागला. "फार आवडलं. झालं समाधान?"

चष्मेवाला बघतच राहिला. "मग माझं प्रकरण कुठेय?"

"मशीनबरोबर गेलं. पुस्तिका म्हणून. लोक वाचतायत. फोन येतायत. एक काका आहेत, ते सहाव्या पानावर लिहिलंय तसे बसले होते. ते उठले."

"उठले?"

"उठले म्हणाले."

चष्मेवाल्याला आता रुमालाची खरंच गरज लागली. लेखकरावांनी स्वतःचा दिला. नाक वगैरे शिंकरून झाल्यावर त्याने भीत भीत विचारलं, "किती छापल्या होत्या पुस्तिका?"

"नऊ हजार."

"नऊ हजार!" चष्मेवाल्याचा चेहरा असा काही उजळला की पॅसेजमधला दिवा फिका पडला. "दादा, माझं पुस्तक तर पाचशेच छापलंय!"

म्हणजे त्याचे वाचक नऊ हजार आणि आपले पाचशे. लेखकरावांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि दिलेला रुमाल परत मागून घेतला.

तेवढ्यात सासरे पिशवी घेऊन पॅसेजमध्ये आले. "इथे काय लपलाय दोघं? मी शोधतोय." त्यांनी पिशवीतून नवंकोरं पुस्तक काढलं आणि बारावं प्रकरण उघडून चष्मेवाल्यापुढे धरलं. "इथे सही करा. पहिल्या पानावर नको, इथेच. पिना म्हणे! काय डोकं आहे हो तुमचं!"

मग त्यांनी पिशवीत परत हात घातला आणि एक पातळ पुस्तिका काढली. मशीनची. आवाज जरा खाली आणला. "तुमच्या कंपनीचं मशीन परवा आलं आमच्याकडे. हे आत होतं. सहावं पान मी किती वेळा वाचलं असेल! लेखकराव, एवढं तुमच्या आत आहे, हे मला कधी कळलंच नाही. इथे तुमची सही हवी."

लेखकरावांनी तोंड उघडलं. चष्मेवाल्यानेही उघडलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सासरे पेन पुढे करून उभे होते, डोळे अजून ओले होते, आणि ते हसण्याने का कशाने, हे सांगणं कठीण होतं. दोघांनी आपापली तोंडं मिटली.

लेखकरावांनी पुस्तिकेवर सही केली आणि पेन पुढे दिलं. चष्मेवाल्याने पुस्तकावर सही केली. सासरे दोन्ही पिशवीत घालून, खूश होऊन, चहाकडे निघून गेले.

"जरा मोठीच केलीत सही," लेखकराव हळूच म्हणाले.

"तुम्ही तर खाली रेघसुद्धा मारलीत, दादा," चष्मेवाला म्हणाला.